दगडफुलांतल्या रसायनांवर कॅन्सरचं काम करायचं असेल, तर आधी कुपीत काय आहे ते ओळखा

दगडफुलं आणि कॅन्सर हा विषय प्रोजेक्टसाठी मागणारे विद्यार्थी माझ्याकडे दरवर्षी येतात. बहुतेकांच्या हातात एखादा शोधनिबंध असतो. त्यातल्या आलेखात अर्काची मात्रा वाढत जाते आणि कॅन्सरच्या जिवंत पेशी कमी होत जातात. "मॅडम, आपणही हेच करू या का?" करू, जरूर करू. या विषयावर माझा जीव आहे. पण प्लेटमधल्या (बारीक खळग्यांच्या तबकात वाढवलेल्या) पेशी मारणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे; त्या ब्लीचनेही मरतात. त्या नेमक्या कुठल्या रेणूने मारल्या, कशा मारल्या आणि त्याच मात्रेत निरोगी पेशी तगल्या का, हे सांगता येणं अवघड. ज्यांना हे काम मनापासून करायचंय, त्यांच्यासाठी मी माझी पद्धत लिहिते आहे.

गोळा करताना

दगडफूल, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं शैवाक, ही बुरशी आणि शैवाल (किंवा सायनोबॅक्टेरिया) यांची भागीदारी. सायमन श्वेंडेनर यांनी हे १८६७ साली मांडलं, तेव्हा त्यांना बराच विरोध झाला. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल यांच्या गटाने अनेक दगडफुलांच्या वरच्या सालीत यीस्टसुद्धा दाखवलं, म्हणजे ही भागीदारी दोघांपुरती नसावी. आपल्याला हवी असलेली रसायनं मुख्यतः बुरशी बनवते. अशी हजाराहून जास्त संयुगं आजवर माहीत झाली आहेत आणि त्यांतली बहुसंख्य दगडफुलांबाहेर सापडत नाहीत. हा खजिना मोठा आहे, यात वाद नाही.

पण दगडफूल वाढतं वर्षाला काही मिलिमीटर. खडकाला चिकटून पापुद्र्यासारखी पसरणारी जात असेल तर बऱ्याचदा एक मिलिमीटरही नाही. तळहाताएवढा ठिपका तुमच्या वयाचा असू शकतो. म्हणून ओळख पटेपर्यंत नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्याहून जास्त नाही. ग्रॅममध्ये माल लागणार असेल तर मुबलक असलेली जातच निवडा आणि शक्यतो वाऱ्याने तुटून पडलेल्या फांद्यांवरची घ्या. दुर्मीळ जातीवर पेशींचा प्रयोग करण्याचा हट्ट माझ्यापुढे कुणी धरला तर मी तो चालू देत नाही.

कुठून घेता हेही बघा. दगडफुलाला मुळं नसतात. हवेतून आणि पावसातून जे येईल ते त्याच्या अंगात साठतं. १९८६ च्या चर्नोबिल दुर्घटनेनंतर स्कँडिनेव्हियातल्या रेनडियरांच्या मांसात किरणोत्सारी सीझियम सापडलं, कारण हिवाळ्यात ते प्राणी दगडफुलांवर जगतात. रस्त्याकडेच्या, खाणीजवळच्या, कारखान्याच्या वाऱ्यात वाढलेल्या नमुन्यात शिसं, तांबं, कॅडमियम असू शकतं, आणि धातूंनीही पेशी मरतात. श्रेय मात्र दगडफुलाला जातं.

प्रयोगशाळेत आणल्यावर नमुना स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली घ्या आणि चिमट्याने साफ करा. साल, माती, शेवाळाचे धागे, शिवाय हमखास एखादी दुसरी जात मध्ये घुसलेली असते. यात तासन्‌तास जातात आणि ते टाळता येत नाहीत. एक तुकडा पाकिटात घालून, वर तारीख, जागा, आधार (खडक, साल, माती) आणि क्रमांक लिहून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) जमा करा. उद्या कुणी तुमच्या जातीच्या नावावर शंका घेतली तर दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

थेंबाची चाचणी

विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये रंगांच्या चाचण्या सुरू केल्या. आजही ओळखीची पहिली पायरी तीच आहे. 'के' म्हणजे साधारण १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, 'सी' म्हणजे ताजं ब्लीच. आधी के आणि त्यावर लगेच सी लावलं की 'केसी'. चौथी चाचणी 'पीडी', पॅराफिनिलिनडायामिनची.

शिकायला मी दोन जाती शेजारी ठेवते: पार्मोट्रेमा टिंक्टोरम आणि पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम. दोन्ही राखाडी, दोन्ही रुंद पाकळ्यांच्या, लांबून सारख्याच. भिंगातून पाहिलं की पहिलीच्या पृष्ठभागावर बारीक मोडासारखे उंचवटे दिसतात, दुसरीच्या पृष्ठभागावर पांढरट तड्यांची जाळी आणि कडेला काळे केस. आता ब्लेडच्या टोकाने वरची साल हळूच खरवडा. आतला पांढरा कापसासारखा थर उघडा पडला पाहिजे, पण हिरवा थर त्यात मिसळता कामा नये. त्यावर केशनळीने एक थेंब ठेवा. टिंक्टोरमवर सी टाकलं की झटक्यात लाल होतं, ते लेकॅनोरिक आम्लामुळे. हा रंग काही क्षणांत उडतो, म्हणून थेंब पडायच्या आधीच डोळा भिंगाला हवा. रेटिक्युलेटमवर के टाकलं की आधी पिवळा रंग येतो आणि तुम्ही बघत असतानाच तो गडद होत रक्तासारखा लाल होतो. ते सॅलाझिनिक आम्ल. हे दोन रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे कधीही 'दगडफुलाचा अर्क' असं मोघम लिहीत नाही.

ब्लीच जुनं झालं की मरतं. सी नकारात्मक आलं की निष्कर्ष काढण्याआधी तेच ब्लीच टिंक्टोरमवर लावून बघा. पीडीच्या बाबतीत कडक राहा: ते विषारी आहे, त्वचेवर ॲलर्जी आणतं, आणि जिथे सांडेल तिथे डाग पाडतं. हातमोजे घाला आणि फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) काम करा. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम सोडियम सल्फाइट, १ ग्रॅम पीडी आणि थोडं डिटर्जंट घालून केलेलं स्टायनरचं द्रावण टिकतं, त्यामुळे ते सारखं बनवावं लागत नाही.

अर्क आणि टीएलसी

अर्क ॲसिटोनमध्ये, खोलीच्या तापमानाला काढा. ही सूचना सगळ्यात जास्त मोडली जाते, कारण बऱ्याच प्रयोगशाळांत वनस्पतींसाठी गरम मिथेनॉल वापरायची सवय असते. लेकॅनोरिक, गायरोफोरिक, ॲट्रॅनोरिन ही सगळी डेप्साइड्स. त्यांच्या कड्या एस्टर बंधाने जोडलेल्या असतात, आणि गरम मिथेनॉल तो बंध तोडून मिथाइल एस्टर बनवतं. मग दगडफुलात मुळात जे नव्हतं किंवा नावापुरतं होतं, तेच तुमच्या कुपीत भरपूर निघतं आणि त्याचाच 'नवा घटक' म्हणून गाजावाजा होतो.

टीएलसी म्हणजे सिलिकाच्या पातळ थरावर अर्कातले घटक वेगळे करणं. दगडफुलांच्या टीएलसीची पद्धत कल्बर्सन आणि क्रिस्टिन्सन यांनी १९७० मध्ये ठरवून दिली. तीन सॉल्व्हंट मिश्रणं आहेत. नवख्या माणसाला मी 'सी' मिश्रणाने (याचा ब्लीचच्या 'सी'शी संबंध नाही) सुरुवात करायला सांगते: टोल्युइन १७० भाग, ॲसेटिक आम्ल ३० भाग. त्यात डायॉक्सेन नसल्याने एक धोका कमी होतो. सिलिका जेलच्या एफ२५४ प्लेटवर तुमच्या अर्काशेजारी ॲट्रॅनोरिन आणि नॉरस्टिक्टिक आम्ल यांचे ठिपके हवेतच. ॲट्रॅनोरिन वर धावतं, नॉरस्टिक्टिक मध्येच राहतं, आणि बाकी सगळं या दोघांच्या मानाने वाचायचं. त्या दिवशी खोलीत दमट हवा असली तरी हे गुणोत्तर तुम्हाला सांभाळून घेतं.

प्लेट वाळली की आधी २५४ आणि मग ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघा, ठिपक्यांभोवती पेन्सिलने खूण करा. मग १० टक्के सल्फ्युरिक आम्ल फवारा. इथे घाई करून प्लेट ओव्हनमध्ये सरकवू नका. ओली प्लेट अर्धपारदर्शक होते, आणि मेदाम्लं असतील तिथे पाणी न धरलेले पांढरे, कोरडे ठिपके उमटतात. प्रोटोलिचेस्टेरिनिक आम्लासारखी संयुगं हीच एक वेळ दाखवतात; दिव्याखाली ती दिसत नाहीत. ती टिपून घेतल्यावर मगच ११० अंशांवर तापवा आणि रंग लिहून घ्या.

शुद्ध संयुग हवं असेल तर अस्निक आम्लापासून सुरुवात करणं सोयीचं. पिवळे स्फटिक सहज मिळतात, वितळणबिंदू २०४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याची दोन आरशातली रूपं असतात, तेव्हा प्रकाशवलन (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते) मोजून कुठलं रूप आहे ते लिहा. एचपीएलसीवर शुद्धता आणि एनएमआरवर रचना पक्की झाल्याशिवाय पेशींच्या खोलीचं दार उघडायचं नाही, हा माझ्याकडचा नियम आहे.

कुठलं संयुग काय करतं

अस्निक आम्लावर थोडं थांबावं लागेल, कारण या विषयातलं आकर्षण आणि धोका दोन्ही त्यात एकत्र आहेत. क्नोप यांनी ते १८४४ मध्ये वेगळं केलं. १९७५ मध्ये कुपचान आणि कॉपरमन यांनी त्याचा अर्बुदविरोधी परिणाम नोंदवला. २००५ मध्ये असं दिसलं की ते डीएनएला इजा न करता आणि गाठींना आळा घालणाऱ्या पी५३ या प्रथिनावर अवलंबून न राहता पेशींची वाढ थांबवतं. पी५३ बिघडलेल्या गाठी खूप असतात, त्यामुळे ही बातमी महत्त्वाची होती.

मग मारतं कसं? मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) आतल्या पडद्यावर प्रोटॉन एका बाजूला साठवले जातात आणि ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतं. अस्निक आम्ल मेदात विरघळणारं सौम्य आम्ल आहे. ते प्रोटॉन घेऊन पडदा ओलांडतं, सोडतं, पुन्हा परत जातं. धरणाच्या भिंतीला भोक पडावं तसं होतं: पाणी वाहतं, पण टर्बाइन फिरत नाही. पेशी इंधन जाळत राहते आणि हाती ऊर्जा येत नाही. स्तनाच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशींत मायटोकॉन्ड्रियाचं विभव (पडद्याच्या दोन बाजूंमधला विद्युत फरक) असं कोसळल्याचं आइसलँडमधल्या गटाने २०१० मध्ये दाखवलं.

पण यकृताच्या पेशीतही हेच मायटोकॉन्ड्रिया असतात. वजन कमी करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या लिपोकायनेटिक्स या गोळ्यांत सोडियम अस्निएट, म्हणजे अस्निक आम्लाचा क्षार, होतं. ती घेणाऱ्यांची यकृतं निकामी होऊ लागल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने नोव्हेंबर २००१ मध्ये लोकांना ती बंद करायला सांगितलं. तुमच्या प्लेटमधला सुंदर आलेख आणि ती यकृतं यांच्यामागे एकच यंत्रणा आहे. अस्निक आम्लावर काम करणाऱ्या प्रत्येकाने यकृताच्या पेशींची एक ओळ प्लेटमध्ये लावलीच पाहिजे. ब्राझीलमधल्या एका गटाने ते पॉलिमरच्या नॅनोकॅप्सूलमध्ये भरून उंदरांना दिलं. गाठीवरचा परिणाम वाढला आणि यकृताचं नुकसान कमी झालं. पुढचं काम या दिशेला व्हावं असं मला वाटतं.

प्रोटोलिचेस्टेरिनिक आम्ल सेट्रारिया आयलँडिका या जातीत मिळतं. ते ५-लायपॉक्सिजिनेज हे दाहाशी निगडित एन्झाइम रोखतं आणि स्तनाच्या व रक्ताच्या कॅन्सरच्या काही सेल लाइन्सची (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींची) वाढ थांबवतं. पण त्याच्या लॅक्टोन कड्याला लागून एक मोकळा मिथिलीन गट आहे. हा गट कुठल्याही प्रथिनावरच्या गंधकाला जाऊन चिकटू शकतो. म्हणून पेशींच्या पोषक माध्यमात ग्लुटाथायोन किंवा सिस्टीन (दोन्हींत गंधक असतं) घालून एक प्लेट चालवा. परिणाम नाहीसा झाला, तर तुमचं संयुग नेमकं निशाण धरत नाहीये, दिसेल त्याला चिकटतंय अशी दाट शंका घ्या.

मला स्वतःला पॅरिएटिन सगळ्यात आश्वासक वाटतं. झँथोरिया पॅरिएटिनाचा नारिंगी रंग याचा. के लावलं की जांभळा होतो. रसायनशास्त्रात फिस्किऑन म्हणून ओळखलं जाणारं संयुग हेच, आणि ते रेवंदचिनीतही असतं, त्यामुळे त्यासाठी खडक खरवडावे लागत नाहीत. २०१५ मध्ये ते ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमला रोखतं असं समोर आलं. वेगाने वाढणाऱ्या गाठीला या एन्झाइमची गरज असते. नाव असलेलं निशाण मिळालं की पुढचा प्रत्येक प्रयोग नेमका आखता येतो. झँथोरियाबद्दल आणखी एक गोष्ट मला फार आवडते: कोरड्या झँथोरियातून थंड ॲसिटोनने पॅरिएटिन धुऊन काढलं तरी ते दगडफूल जिवंत राहतं आणि अतिनील प्रकाशात ठेवलं की पुन्हा पॅरिएटिन बनवतं.

ॲट्रॅनोरिन, गायरोफोरिक, लेकॅनोरिक, फायसोडिक यांच्यावरही भरपूर निबंध आहेत. बहुतेक ठिकाणी मात्रा जास्त लागते आणि यंत्रणा धूसर राहते. पहिल्या प्रोजेक्टला ती चालतील. मोठ्या दाव्याला नाही.

एमटीटी करताना

मोसमन यांनी १९८३ मध्ये दिलेली ही चाचणी सगळेच करतात. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचा जांभळा फॉर्मेझान करतात, ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. वापरायला सोपी आहे, आणि दगडफुलांच्या संयुगांसाठी नेमकी इथेच फसवी आहे.

पहिली गोष्ट, हा रंगबदल पेशीच्या ऊर्जाव्यवहारावर अवलंबून असतो, आणि अस्निक आम्ल त्यातच ढवळाढवळ करतं. रीडिंग खाली आलं म्हणजे पेशी मेली असं धरता येत नाही. ती फक्त थकलेली असू शकते. दुसरी, फिनॉल गट असलेली बरीच संयुगं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, मग मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. पेशी न घालता फक्त माध्यम, संयुग आणि एमटीटी असलेली एक रांग प्रत्येक प्लेटवर ठेवा. तिसरी, अस्निक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. डीएमएसओ या द्रावकातून माध्यमात टाकलं की जास्त मात्रेला सुया बाहेर पडतात. एमटीटी घालण्याआधी प्रत्येक खळगा मायक्रोस्कोपखाली बघा. स्फटिक दिसले तर त्या मात्रेचं रीडिंग आलेखात घेऊ नका. डीएमएसओ सगळ्या खळग्यांत सारखं, अर्ध्या टक्क्याच्या आत.

जोडीला एक अशी चाचणी लावा जी ऊर्जेवर अवलंबून नाही: प्रथिनं मोजणारी एसआरबी किंवा वसाहती मोजणारी क्लोनोजेनिक. वेळ कमी असेल तर दुसरं काही कापा, हे कापू नका. आणखी एक उपाय मायटोकॉन्ड्रियावर काम करणाऱ्या संयुगांसाठी फार उपयोगी आहे. ग्लुकोजच्या माध्यमात कॅन्सरच्या पेशी ग्लायकोलिसिसवर (मायटोकॉन्ड्रियाशिवाय साखर मोडण्यावर) भागवतात आणि मायटोकॉन्ड्रियाचं विष पचवतात. त्याच पेशी गॅलॅक्टोजवर वाढवल्या की त्यांना मायटोकॉन्ड्रियाशिवाय गत्यंतर उरत नाही. दोन्ही माध्यमांतले आकडे शेजारी ठेवा. गॅलॅक्टोजमध्ये आयसी५० (पेशींची वाढ निम्मी करणारी मात्रा) झपाट्याने खाली आलं, तर यंत्रणा कुठे आहे ते तुम्हाला कळलं.

सेल लाइनची ओळख एसटीआर या डीएनएच्या चाचणीने पटवून घ्या. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली आणि शेवटी ती मेलॅनोमाची (एका त्वचेच्या कॅन्सरची) निघाली. निरोगी पेशींची निवडही विचार करून करा. खळगाभर पसरून वाढ थांबलेल्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशी बऱ्याच औषधांना तगतात, कारण त्या विभागतच नसतात. तेव्हा वाढत्या अवस्थेतल्या निरोगी पेशी घ्या, नाहीतर 'निवडक परिणाम' हा शब्द पोकळ ठरतो. डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाची ओळ तुलनेला असू द्या.

आकडे मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येनुसार, लिहा. २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे अस्निक आम्लाचे ५८ मायक्रोमोलर, कारण रेणुभार ३४४. गायरोफोरिक आम्लाचे मात्र ४३, कारण रेणुभार ४६८. वजनावरून तुलना केली तर दोन्ही सारखीच प्रभावी वाटतील. आणि निरोगी पेशींचा आयसी५० भागिले कॅन्सर पेशींचा आयसी५०, हा आकडा निष्कर्षात पहिल्या ओळीत द्या. निरोगी पेशींचा ६० आणि कॅन्सरच्या पेशींचा ५० असेल तर गुणोत्तर १.२ येतं. त्याला विष म्हणतात, आणि तसं लिहायला लाजू नये. कच्च्या अर्काला ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत परिणाम नसेल तर त्यामागे वर्ष घालवण्यात अर्थ नाही. ही मर्यादा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या निकषांतून आली आहे आणि ती रास्त आहे.

जास्त माल लागला तर

निसर्गातून ओरबाडू नका. २०२१ मध्ये दोन कामं झाली, त्यांनी मला फार उभारी दिली. एका गटाने लेकॅनोरिक आम्ल बनवणारं जनुक बेकरीच्या यीस्टमध्ये घालून ते आम्ल तयार केलं; दुसऱ्याने ॲट्रॅनोरिनची जनुकं वेगळ्याच एका बुरशीत चालवली. जैवतंत्रज्ञानाची बाजू असलेल्या विद्यार्थ्याला मी आता हाच रस्ता सुचवते. बाकीच्यांनी बाजारातलं शुद्ध संयुग विकत घ्यावं आणि त्याचीही टीएलसी करावी.

रुग्णाच्या घरून फोन आला तर

या विषयावर काम करतोय हे कळलं की असे फोन येतात. आवाज थकलेला असतो आणि प्रश्न एकच: दगडफुलाची पूड किती द्यायची? तुम्ही विद्यार्थी असलात तरी उत्तर तयार ठेवा, आणि ते स्पष्ट द्या. द्यायची नाही. दगडफुलातल्या कुठल्याही संयुगाला कॅन्सरचं औषध म्हणून आजवर मान्यता नाही. केमोथेरपीची बरीच औषधं यकृतातूनच निचरतात. त्यात यकृतावर भार टाकणारी पूड घातली तर चालू असलेला उपचार थांबवायची वेळ येते. फोन आपटू नका, समोरच्याचं पूर्ण ऐका. आधीच काही घेतलं असेल तर ते आजच बंद करून डब्यासकट कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना उडणं, यांतलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्यायला सांगा.